बेटावर जायच्या आदल्या दिवशी

१

वॉकर गायब झाला होता.

मेट्रनबाईंनी दुपारची डुलकी संपवून सवयीने पलंगाच्या बाजूला हात नेला, तर हाताला काहीच लागलं नाही. चष्मा लावून पाहिलं. चार पायांचा, स्टीलचा, निळ्या मुठींचा वॉकर जिथे उभा असायचा तिथे नुसती फरशी होती. आता वॉकर म्हणजे काही कानातला डूल नव्हे, की उशीखाली सरकला असेल. चांगली कमरेइतकी उंच वस्तू, तीही घडी न होणारी. पाय चार असले म्हणून काही ती आपली आपण चालत गेली नसणार.

"चोरी," मेट्रनबाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना क्षणभर बरंच वाटलं. निवृत्त झाल्यापासून कुणाची उलटतपासणी घ्यायची संधीच मिळाली नव्हती.

मोठ्या इस्पितळात त्यांनी वॉर्डच्या वॉर्ड हलवले होते. गोळी गालात धरून 'गिळली' म्हणणारा पेशंट त्यांना दारातूनच ओळखू यायचा. नोकरी संपली तरी भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मेट्रनबाईच म्हणत. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि घरच्यांना मात्र वाटू लागलं, की बाई आता काचेच्या झाल्या. पाणी हवं का, उशी हवी का, उठू नका, वाकू नका. बाईंचा नुसता संताप व्हायचा.

आणि उद्या बाई बेटावर जाणार होत्या.

बंदरासमोरच्या बेटावर दगडी नावाड्याचा अवाढव्य पुतळा उभा होता. हातात वल्हं, डोक्यावर दिवा. त्याला बघायला साऱ्या जगातून लोक येत. पण पिकतं तिथे विकत नाही. मेट्रनबाईंचा अख्खा जन्म याच शहरात गेला, आणि त्यांनी तो पाहिला होता फक्त इस्पितळाच्या गच्चीवरून, अंगठ्याएवढा. उद्याची फेरी मोसमातली शेवटची. नंतर बोटी बंद, आणि या खेपेला तर दुरुस्तीसाठी बेटच काही वर्षं बंद राहणार होतं. त्यांच्या वयाला 'काही वर्षं' म्हणजे काय, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. उद्या गेल्या तर गेल्या, नाहीतर नावाडी अंगठ्याएवढाच राहणार.

कुणाला हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्या खोलीतून सुनेचा आवाज आला. दबका, फोनवरचा.

"हो, उद्याचं रद्दच करून टाकते. नाही नाही, आईंना अजिबात कळता कामा नये."

मेट्रनबाईंनी तोंड मिटलं.

२

हाक मारली ती मुलाला, आणि अशी मारली की तो जेवणाच्या टेबलावरचं काम टाकून धावत आला.

"तुझी खुर्ची आण."

"कुठली खुर्ची?"

"चाकांची. कामाला बसतोस ती. वॉकर चोरीला गेलाय आणि मी पलंगावर बसून तपास करणार नाही."

मुलाने आधी पलंगाखाली पाहिलं, मग दारामागे पाहिलं, मग नाइलाजाने खुर्ची आणली. बाई तीत बसल्या, शाबूत पायाने जमिनीला रेटा दिला आणि खोलीच्या मधोमध येऊन थांबल्या. वॉर्डात राउंडला निघाल्यावर त्यांची मान जशी ताठ व्हायची तशी झाली होती.

"हात दे."

मुलाने निमूट मनगट पुढे केलं. लहानपणापासूनची सवय. प्रगतिपुस्तक लपवलंय का, हे आई नाडी धरूनच विचारायची.

"सकाळी चहा पिताना तू काय म्हणालास?"

"आई, ते मी चिडून म्हणालो."

"काय म्हणालास?"

"की वॉकरच लपवून ठेवतो, बघू कशी जातेस. पण मी नाही लपवला! बोट हलते, धक्का निसरडा, वर ती गर्दी. काळजी वाटते म्हणून बोललो."

नाडी संथ होती. मेट्रनबाईंनी मनगट सोडलं. शिवाय चोर काही न्याहारीला बसून आपल्या चोरीची दवंडी पिटत नाही.

"मी झोपल्यावर खोलीत कोण कोण आलं?"

मुलाने आठवून सांगितलं. बाईंना डोळा लागला तेव्हा वरच्या मजल्यावरची सिस्टर उशाशी बसली होती. तो स्वतः चार्जर घ्यायला आला होता. बायको ताट उचलायला आली होती. आणि व्यायाम करवून घेणारी फिजिओ आपला विसरलेला रबरी पट्टा न्यायला परत आली होती. त्याने खाली वॉचमनलाही फोन लावला. वॉचमन म्हणाला, दुपारपासून कुणीही वॉकर घेऊन बाहेर गेलेलं नाही. फिजिओ तळमजल्यावर दुसऱ्या पेशंटकडे आहे, पाठवू का वर?

"पाठव," मेट्रनबाई म्हणाल्या.

तेवढ्यात गडबड ऐकून सिस्टर जिना उतरून आली. बाईंच्या हाताखाली घडलेली, त्यांच्याबरोबरच निवृत्त झालेली, आणि घरच्या किल्लीचा एक जोड जिच्याकडे असायचा अशी ही एकुलती एक मैत्रीण. ती तरुणपणीच बेटावर जाऊन आली होती. नावाड्याच्या पोटातला जिना चढून आपण वर दिव्यापर्यंत कशा गेलो, तिथे वारा कसा पदर ओढतो, खाली शहर कसं मांडून ठेवल्यासारखं दिसतं, हे ती ऑपरेशनला घाबरलेल्या पेशंटना सांगायची आणि रडणारं माणूस ऐकता ऐकता गप्प व्हायचं. आज दुपारीही तीच गोष्ट ऐकता ऐकता मेट्रनबाईंना झोप लागली होती. उद्या दोघी मिळून जाणार होत्या.

"अगं बाई!" सिस्टर मटकन पलंगावर बसली. "म्हणजे उद्याचं राहिलंच म्हणायचं."

"राहिलं कशाला?" मुलगा म्हणाला. "कोपऱ्यावरच्या दुकानात भाड्याने मिळतो. मी आत्ता घेऊन येतो दुसरा."

"छे, दुसऱ्या वॉकरचा काय भरवसा? उंची जुळायला हवी, मुठी हाताच्या हव्यात. बाई पडल्या म्हणजे? जाऊ दे रे, नशिबात नाही असं समजायचं."

मेट्रनबाईंनी खुर्ची हळूच सिस्टरकडे वळवली. ज्याचा विरोध होता तो दुसरा वॉकर आणायला निघाला होता, आणि जी दोन महिने बेटाचा जप करत होती ती नशिबाला दोष देऊन मोकळी झाली होती.  बाईंनी ते मनात टिपून ठेवलं.

३

फिजिओ तरुण आणि फटकळ होती. संशय घेतल्याचं कळताच तिने दोन्ही मनगटं एकदम पुढे केली.

"धरा आजी, दोन्ही हातांची नाडी धरा. तुम्हाला बेटावर जा म्हणून पहिल्यांदा कोण म्हणालं? मीच ना? दोन महिने तुमच्याकडून व्यायाम करून घेतला आणि आता मीच वॉकर पळवू? माझी मेहनत वाया नाही का जाणार?"

"तू जा म्हणालीस ते काय म्हणून?"

"कारण आता तिथे सोय झालीय. मी आईला घेऊन गेले होते. आता पुतळ्याच्या आत लिफ्ट बसवलीय, जिना केलाय. पूर्वी कुठे होतं असलं काही? अख्खा पुतळा भरीव होता. आता आतून पोखरून वाट काढलीय. आमचे आजोबा सांगतात, त्यांच्या वेळी पायथ्याला प्रदक्षिणा घालायची आणि परत यायचं."

मेट्रनबाईंनी तिची मनगटं सोडली, पण त्यांचा हात तसाच अधांतरी राहिला.

"जिना नवीन आहे?"

"अगदी आत्ताचा. तुमचं ऑपरेशन झालं त्याच्या आदल्या वर्षी उघडला. पाटी आहे ना तिथे, प्रवेशद्वारातच."

बाईंनी तिला चहा प्यायला आत पाठवलं आणि सुनेला बोलावलं. सुनेची नाडी मात्र घोड्यासारखी उधळली होती.

"उद्याचं काय रद्द केलंस?"

सून चपापली. मग एकदम रडवेली झाली. "तुम्ही ऐकलंत? आई, उद्या ऑफिसात मोठी मीटिंग होती. मी यायचं ठरवलं तुमच्याबरोबर. तुम्हाला आवडलं नसतं. 'मला सोबतीण आहे, राखण नको' असं तुम्हीच म्हणालात. म्हणून म्हटलं, एकदम धक्क्यावरच भेटावं."

"मग आता सांगितलंस ना? मीटिंग रद्दच राहू दे," मेट्रनबाई करड्या आवाजात म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मऊपणा आला की तो असाच करडा यायचा. "चादरी आज धुऊन वाळत घातल्यात का गं?"

"नाही, चादरी-बिदरी रविवारी धुतो ना आपण."

मेट्रनबाईंनी गॅलरीच्या दाराकडे पाहिलं. हे दार त्यांच्याच खोलीला होतं. बाहेर कपडे वाळवायच्या स्टँडशेजारी एक पांढरी चादर टाकलेली दिसत होती. दुपारपासून ती तिथेच होती आणि सगळ्यांनी पाहिली होती. वाळत टाकलेल्या चादरीकडे बघतं कोण?

त्यांनी पायाने रेटा देत खुर्ची गॅलरीत नेली. चादरीला हात लावला. कोरडी खडखडीत, आणि मधोमध इस्त्रीची घडी. धुतलेली चादर इस्त्रीच्या घडीसकट वाळत कशी पडेल? त्यांनी वाकून खालची टोकं पाहिली.

टोकं पाहिली आणि त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. चोर कोण, हे आता वेगळं शोधायला नको होतं.

४

दिवेलागणीच्या आधी सगळ्यांना चहा घेऊन बाईंच्या खोलीत बोलावण्यात आलं. मुलगा दाराला टेकून, सून मोड्यावर, फिजिओ खिडकीत, सिस्टर पलंगाच्या कडेला.

"वॉकर घरातच आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती गॅलरीतली चादर उचल रे."

मुलाने चादर ओढली. खाली वॉकर होता, निळ्या मुठींसकट. फिजिओने शिट्टी मारली आणि लगेच जीभ चावली.

"चोराला वॉकर लांब न्यायचा नव्हता," मेट्रनबाई पुढे म्हणाल्या. "जिन्यात, लिफ्टमध्ये कुणी बघितलं असतं. म्हणून माझ्याच कपाटातली धुतलेली चादर काढली आणि वॉकरचा स्टँड करून टाकला. डोकं चाललं, पण हातांनी घात केला. तू चादर ओढलीस तेव्हा ती सहज निघाली का?"

"नाही. खाली खोचलेली होती."

"चिमटे होते?"

"एकही नाही."

"या घरात चिमट्याशिवाय रुमालसुद्धा वाळत पडत नाही. सुनबाई तर चिमट्याला चिमटा लावेल. म्हणजे ती नव्हे. आता कोपरे. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडून वॉकरच्या पायाला घट्ट खोचले होते. वाऱ्याने उडू नये म्हणून. असा कोपरा वॉर्डातल्या पलंगाला करतात, पेशंट कितीही तळमळला तरी सुटत नाही. तुला मी तो कोपरा किती वर्षं शिकवला रे?"

"दहावीपर्यंत," मुलगा म्हणाला. "मग तूच नाद सोडलास."

"तुझ्या हातून त्याचं गाठोडंच व्हायचं. म्हणून तूही नव्हे. आणि ही पोरगी पेशंटला पलंगावरून उठवते, पलंग घालत नाही. या अख्ख्या इमारतीत तसा कोपरा करणाऱ्या बायका दोनच. त्यांतली एक घोरत होती."

 सिस्टरने हातातली बशी खाली ठेवली.

"सिस्टर?" मुलाचा विश्वासच बसेना. "पण त्यांनी का म्हणून? बेटाचं वेड तर त्यांनीच लावलं तुला!"

मेट्रनबाईंनी सिस्टरकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती, चूक झालेल्या शिकाऊ नर्ससारखी. कारण बाईंना ठाऊक होतं. ते सगळ्यांसमोर सांगितलं असतं तर तपास पुरा झाला असता, टाळ्याही मिळाल्या असत्या.

"गंमत केली तिने माझी," मेट्रनबाई म्हणाल्या. "आणि आता तुम्ही सगळे बाहेर व्हा."

५

दार लागलं. 

"घरचे मला काचेची समजतात," मेट्रनबाई म्हणाल्या. "एकटी तूच तसं समजत नव्हतीस. वॉकर गेल्याचं दुःख नाही. तो तू न्यावास याचा राग आलाय मला. फार राग आलाय."

"बाई, मला माफ करा."

"ते नंतर बघू. आधी ऐक. तुला नुसतं जायचं टाळायचं असतं तर ताप आला म्हणाली असतीस. पण मग मी सुनेला घेऊन गेले असते. म्हणजे तुला स्वतःला नव्हे, मला थांबवायचं होतं. मी तिथे काहीतरी बघेन म्हणून. काय बघणार होते मी? दारातली पाटी. जिना अगदी आत्ता उघडला म्हणून सांगणारी." बाईंनी श्वास घेतला. "आपल्या तरुणपणी नावाडी भरीव होता. तू त्याच्या पोटातला जिना चढलीस तो कुठला?"

सिस्टरने पदराने तोंड झाकलं.

"तू वर चढलीच नव्हतीस. बेटावर तरी गेली होतीस का?"

"धक्क्यापर्यंत," पदराआडून आवाज आला. "एकदाच सुट्टी मिळाली होती. पोचले तर बोट सुटलेली. दुसऱ्या दिवशी वॉर्डात सगळे विचारायला लागले, कसा आहे नावाडी? ती कोपऱ्यातल्या खाटेवरची मुलगी होती ना, ऑपरेशनला नाही म्हणणारी, तीपण डोळे लावून बसली होती. मी म्हटलं, छान आहे. तर ती म्हणाली, 'पुढे?' आता पुढे म्हणून विचारल्यावर काय करायचं, बाई? मी सांगत गेले. ती ऑपरेशनला गेली. मग दुसऱ्या कुणीतरी विचारलं. मग तुम्ही."

"आणि मग तोंडातून गेलेला शब्द परत घेता येईना."

"उद्या ते सगळं उघडं पडलं असतं. तुमच्यासमोर पडलेलं मला चाललं नसतं. बाकी कुणासमोरही चाललं असतं, तुमच्यासमोर नाही." तिने डोळे पुसले. "तुम्ही जा उद्या. मी नाही येत. आता कुठल्या तोंडाने येऊ?"

मेट्रनबाईंना तिला दोन शब्द सुनवायचे होते, तयारही होते. पण त्यांना दुसरंच काहीतरी आठवलं, आणि रागाचा पारा आपोआप उतरू लागला.

"आपले पेशंट बरे होऊन बेटावर जायचे," त्या सावकाश म्हणाल्या. "कितीतरी गेले. तो पाय गेलेला शिंपीसुद्धा कुबड्या घेऊन गेला. परत येऊन तुला भेटायला यायचे. काय म्हणायचे?"

"म्हणायचे, 'सिस्टर, अगदी तुम्ही सांगितलंत तस्सं आहे.'"

"तेव्हा जिना नव्हता."

सिस्टरने मान वर केली.

"त्यांनी पायथ्याला फेरी मारली. वाट शोधली असेल, कुणाला विचारलंही असेल. आणि सगळं समजून उमजून परत आले. एकानेही तुला खोटं पाडलं नाही. वॉर्डात मी करडी, तू गोड, असं सगळे म्हणायचे. मला वाटायचं गोड बोलायला काय लागतं! तुझ्या त्या गोष्टीच्या बळावर माणसं ऑपरेशनच्या टेबलावर चढली गं. त्यांनी तुला माफ करून टाकलं, आणि मी कोण लागून गेले?"

आता मात्र सिस्टरला हुंदका आवरेना. मेट्रनबाईंनी तिला रडू दिलं, पण फार वेळ नाही.

"झालं रडून? मग तोंड धू. सकाळची बोट आहे. या खेपेला मी ती चुकू देणार नाही."

६

सकाळी धक्क्यावर वारा भणाणत होता. मुलगा आणि सून दोघंही आले होते. बोट पाण्यावर खालीवर होत होती आणि फळीशी उभा असलेला खलाशी वॉकरकडे बघून मान हलवत होता.

"आजी, तुम्हाला नाही नेता येणार. बोट हलते."

"बोट हलणारच," मेट्रनबाई म्हणाल्या. "जी हलत नाही तिला आपण धक्का म्हणतो. तिकिटावर वॉकर नको असं कुठे लिहिलं होतं का?"

"तसं नाही, पण तुमच्या काळजीनेच—"

"माझी काळजी करायला घरी माणसं ठेवलीत. तू फळी धर."

मागे रांग लागली होती. कुणीतरी हसलं, कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या की आजींना. मुलगा पुढे होऊन म्हणाला, "मी आहे त्यांच्याबरोबर," आणि आईला काही न विचारता त्याने वॉकर उचलून आधी बोटीत ठेवला. बाईंनी एक हात मुलाला दिला, दुसरा सुनेला, आणि फळीवर पाऊल टाकलं. खुबा ठणकला. त्यांनी तो ठणकू दिला. बघता बघता त्या बोटीत होत्या.

सिस्टर शेवटी चढली. खलाशी सगळ्यांना ओरडून सांगत होता, "पहिल्यांदा चाललेत त्यांनी उजव्या बाजूला बसा! तिकडून नावाडी आधी दिसतो. पूर्वी येऊन गेलेल्यांनी डावीकडे!"

उजवीकडच्या बाकावर आधीच गर्दी झाली होती. मुलगाही तिथेच टेकला होता. तो सहज म्हणाला, "सिस्टर, तुम्ही डावीकडे बसा. तुम्ही काय, जिना चढून वरपर्यंत जाऊन आलेल्या!"

मेट्रनबाईंनी चटकन तोंड उघडलं. "आम्ही दोघी डावीकडेच बसतो," असं त्या म्हणणार होत्या. आयुष्यभर गच्चीवरून बघितलं, आता आणखी थोडं उशिरा दिसलं तर काय बिघडलं. पण सिस्टरने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"थांबा, बाई." आणि मग सगळ्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मी पहिल्यांदाच चाललेय. आयुष्यात कधी गेले नव्हते."

इंजिन सुरू झालं. मुलगा आ वासून बघत होता.

"पण सिस्टर, माझे टॉन्सिल काढले तेव्हा तुम्ही रात्रभर मला सांगत होतात, की तो वारा, ती शेवटची पायरी..."

"सगळं खोटं होतं. आवडलं होतं ना?"

"हो," तो म्हणाला. "फार."

"मग सरक," सिस्टर म्हणाली. "मला उजवीकडे बसायचंय."